डबीतले पैलवान

आधीच सांगून ठेवतो, आजचं वाचून माझे दोन-तीन मित्र चिडणार आहेत. चिडू देत. आठवडाभर डोक्यात घोळणारं शनिवारी लिहून काढलं नाही तर माझा रविवारही वाया जातो.

तर मंडळी, विषय आहे कार्डांचा. क्रेडिट कार्डांचा नव्हे, पैलवानांच्या कार्डांचा. यूएफसीत लढणाऱ्या फायटर लोकांची ट्रेडिंग कार्डं. पुण्यात-बंगळूरला नोकरीला लागलेल्या आमच्या अमरावती-अकोल्याच्या काही पोरांमध्ये हे वेड शिरलंय. पगार झाला की पाकिटं मागवायची, फोडायची, आत एखादं चमचमणारं कार्ड निघालं की ते हातमोजे घालून (हो, हातमोजे!) प्लास्टिकमध्ये सरकवायचं आणि थेट अमेरिकेला धाडायचं. कशाला? तर ग्रेडिंगला. तिथली कंपनी ते कार्ड भिंगाखाली बघते, त्याला १ ते १० पैकी एक आकडा देते, जाड प्लास्टिकच्या डबीत कायमचं सील करते आणि परत पाठवते. त्या डबीला म्हणतात 'स्लॅब'. (आमच्या वऱ्हाडात स्लॅब म्हणजे घराचा. तो पडला की सगळ्यांना जेवण असतं. इथे तेही नाही.)

माझं म्हणणं सरळ आहे. कार्डं जमवणं हा झकास छंद आहे. ग्रेडिंगच्या वेडानं त्याची माती केली आहे. आणि दरवर्षी अप्रेझलच्या नावानं बोटं मोडणाऱ्या आपल्यासारख्यांनी तरी पदरचे पैसे घालून हे करू नये.

आता मुद्द्यावर येतो.

कार्ड म्हणजे काय, हे आमच्या पिढीला कुणी शिकवायची गरज नव्हती. नव्वदच्या दशकात मोठ्या भावांकडे डब्ल्यूडब्ल्यूएफची ट्रम्प कार्डं होती. २००२ मध्ये त्या कंपनीचं नाव डब्ल्यूडब्ल्यूई झालं, आणि आमच्या वाट्याला जॉन सीना, बटिस्टा आणि २००६ नंतर आपला ग्रेट खली आला. पण जुनी कार्डंही घरात होतीच. वर पैलवानाचा फोटो, खाली उंची, वजन, छाती, बायसेप्स, किती फाइट लढला, किती जिंकला, रँक काय. कार्डं सारखी वाटायची, आपल्या वरच्या कार्डातला एक आकडा पुकारायचा, ज्याचा आकडा भारी तो समोरच्याचं कार्ड घेणार. योकोझुना हातात असला की डोळे मिटून 'वजन'. जायंट गोन्झालेझ असला की 'उंची'. हे सगळं मधल्या सुट्टीत, कंपासपेटी मांडीवर ठेवून, बाई वर्गात येईपर्यंत. त्यात भांडणं होणारच... "काय बे, आता तं रँक म्हटली होती तू, मंग वजन कायले म्हणून राह्यला?"

त्या कार्डांचे कोपरे दुमडायचे, पावसात ती फुगायची, रबर बँडचा वळ कायमचा उमटायचा. आज ती ग्रेडिंगला पाठवली तर दहापैकी एक मिळेल. पण त्या दुमडलेल्या कार्डांमुळे आम्हाला साडेतीनशे पौंड म्हणजे किती किलो, याचा हिशेब गणिताच्या सरांच्या आधी येत होता. कार्डावरचा माणूस कोण, कुठला, किती लढला, हे तोंडपाठ असायचं. कार्ड वाचलं जायचं. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता ग्रेडिंगमध्ये काय बघतात ते पाहू. मुख्यतः चार गोष्टी. चित्र कार्डाच्या मधोमध छापलंय का, कोपरे टोकदार आहेत का, कडा झिजल्यात का आणि पृष्ठभागावर ओरखडा, डाग, छपाईची रेघ आहे का. झालं. सर्वांत नावाजलेली कंपनी म्हणजे पीएसए. तिथे १० म्हणजे 'जेम मिंट'. त्याखाली ९, ८ अशी उतरंड. ९ आणि १० यांतला फरक नुसत्या डोळ्यांना पुष्कळदा दिसतही नाही, पण बाजारात त्या एका आकड्यानं किमतीत काही पटींचा फरक पडतो.

या चार गोष्टींत फायटर कुठे आहे? खबीब २०२० मध्ये २९ पैकी २९ लढती जिंकून निवृत्त झाला, त्याचा इथे काही संबंध नाही. पाकिटातून काढून लगेच प्लास्टिकमध्ये घातलेल्या कार्डाचे कोपरे आणि कडा ठरतात छापखान्यात. म्हणजे डबीवरचे दहापैकी दहा गुण असतात कारखान्यातल्या कटिंग मशीनचे! ते पान त्या दिवशी मशीनखाली सरळ बसलं होतं, एवढंच त्या दहाचं कर्तृत्व. आमचा मित्र छाती काढून सांगतो, "भाऊ, माह्यं दहा आलं." अरे बाबा, तुझं काय आलं त्यात?

इथे थोडा इतिहास सांगायलाच हवा, कारण ग्रेडिंगची सुरुवातच मजेशीर आहे.

अमेरिकेत १९०९ ते १९११ या काळात सिगारेटच्या पाकिटांतून बेसबॉल खेळाडूंची कार्डं निघायची. त्या मालिकेला टी-२०६ म्हणतात. त्यातलं होनस वॅग्नर या खेळाडूचं कार्ड अतिशय दुर्मिळ. त्याची एक फारच कोरीकरकरीत प्रत १९९१ मध्ये आइस हॉकीचा बादशहा वेन ग्रेट्झकी आणि त्याचा भागीदार ब्रूस मॅकनॉल यांनी लिलावात ४,५१,००० डॉलरला घेतली. त्याच वर्षी पीएसए सुरू झाली. तिनं ग्रेड केलेलं पहिलं कार्ड हेच. ग्रेड मिळाली ८. २००७ मध्ये ते २८ लाख डॉलरला विकलं गेलं. आणि २०१३ मध्ये बिल मास्ट्रो या बड्या लिलाववाल्यानं कोर्टात कबूल केलं की हे कार्ड विकण्याआधी त्यानंच त्याच्या कडा कापून साफ केल्या होत्या. कापलेल्या कार्डाला आकडी ग्रेड द्यायचीच नाही, असा या धंद्याचा नियम. म्हणजे ज्या कार्डावर या सगळ्या इमारतीचा पाया, तेच छाटलेलं निघालं. सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर पहिलीच टेस्ट केस फेल, आणि तरी प्रॉडक्ट लाइव्ह!

आता दुसरी बाजू. त्या मालिकेला 'टी-२०६' हे नाव दिलं कुणी? जेफरसन बर्डिक नावाच्या माणसानं. अमेरिकेतला कार्डसंग्रहाचा बाप म्हणतात त्याला. साधी नोकरी, संधिवातानं आखडलेली बोटं. त्यानं कार्डांची यादी बनवली, प्रत्येक मालिकेला क्रमांक दिला आणि आपला सगळा संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला देऊन टाकला. त्यात बेसबॉलचीच तीस हजारांवर कार्डं. ती अल्बममध्ये लावायला तो कित्येक वर्षं म्युझियममध्ये जाऊन बसायचा. जानेवारी १९६३ मध्ये काम संपवलं आणि दोन महिन्यांनी वारला. कार्डं अल्बममध्ये कशी लावली होती ठाऊक आहे? गोंदानं चिकटवून! आजच्या ग्रेडरनं ती बघितली तर भोवळ येऊन पडेल. पण आज जगभरचे संग्राहक जे क्रमांक वापरतात ते या गोंदवाल्या माणसाचे आहेत. कार्डं पुढच्या माणसाला बघता यावीत, शोधता यावीत, म्हणून त्यानं ती लावली. छंद म्हणतात तो याला.

बरं, आता पैशाचं बोलू. कारण "अरे ही इन्व्हेस्टमेंट आहे" हे वाक्य येणारच.

सगळे आकडे समजा म्हणून घेऊ. कार्ड पडलं १,००० रुपयांना. ग्रेडिंगची फी, जाता-येता कुरियर, विमा, कस्टम्स मिळून ४,०००. एकूण खर्च ५,०००. दहा मिळाले तर कार्ड विकलं जाईल १२,००० ला, नऊ मिळाले तर ४,५०० ला, आठ मिळाले तर २,५०० ला.

समजा दहा मिळण्याची शक्यता २५ टक्के, नऊची ५०, आठची २५. सरासरी हाती येणार ३,००० + २,२५० + ६२५, म्हणजे ५,८७५. वा! ८७५ रुपये सुटले. आता दहाची शक्यता १० टक्के धरा, नऊची ५५, आठची ३५. हाती ४,५५०. म्हणजे ४५० चा खड्डा. सगळा खेळ एका आकड्याच्या शक्यतेवर, आणि तो आकडा सात समुद्रापार बसलेला, आपल्याला नावानिशी माहीत नसलेला माणूस ठरवणार. याला गुंतवणूक म्हणायचं असेल तर अकोल्याच्या बसस्टँडवर तीन पत्त्यांचा खेळ मांडून बसणाराही म्युच्युअल फंडच चालवतोय!

यात अजून गंमत आहे. पीएसएची फी कार्डाच्या किमतीवर ठरते. ग्रेड मिळाल्यावर कार्डाची किंमत तुम्ही निवडलेल्या मर्यादेच्या वर गेली, तर वरचे पैसे मागतात. म्हणजे परीक्षकानं जास्त गुण दिले की परीक्षकाच्या कंपनीला जास्त फी. मी कुणावर आरोप करत नाही, पण अशी रचना परीक्षा विभागात असती तर विद्यापीठावर मोर्चा गेला असता. शिवाय पीएसएच्या मालक कंपनीनं २०२४ मध्ये एसजीसी ही स्पर्धक ग्रेडिंग कंपनीही विकत घेतली. म्हणजे या दुकानात नाही पटलं तर त्या दुकानात जा, गल्ला एकच.

आणि लोक काय करतात? नऊ आलेली डबी फोडतात, तेच कार्ड पुन्हा पाठवतात. कधी कधी दहा येतात! कार्ड तेच, कंपनी तीच. इंजिनिअर म्हणून विचारतो, एकाच इनपुटला वेगवेगळं आउटपुट देणाऱ्या फंक्शनला आपण काय म्हणतो? बग म्हणतो. इथे त्याला 'रिसबमिशन' म्हणतात आणि त्याची पुन्हा फी भरतात.

मला सगळ्यात जास्त कशाचं आश्चर्य वाटत असेल तर हे करणाऱ्या लोकांचं. ही तीच मंडळी आहेत जी मार्च-एप्रिल आला की कँटीनमध्ये बेल कर्व्हला शिव्या घालतात. "वर्षभर राबलो, रात्रीचे कॉल घेतले, आणि मॅनेजर म्हणतो टीममध्ये टॉप रेटिंग एकालाच देता येतं." अगदी खरं आहे. माणसाचं वर्षभराचं काम एका आकड्यात बसवायचं, तो आकडा कुणीतरी बंद खोलीत ठरवायचा, वर कारणही धड सांगायचं नाही, याचा संताप यायलाच हवा. मग संध्याकाळी घरी येऊन तोच माणूस आपला छंद तसल्याच बंद खोलीत कसा पाठवतो? ज्या एका गोष्टीला रेटिंग नव्हतं तिलाही लावून घेतलं, आणि तेही स्वखर्चानं! कठीण आहे राजेहो.

तुम्ही म्हणाल, अरे पण ग्रेडिंगमुळे कार्ड खरं की खोटं ते तरी कळतं. मान्य. शंभर वर्षांपूर्वीचं कार्ड लाखांत घेणाऱ्याला तज्ज्ञाचं मत हवंच. पण त्यासाठी 'खरं' किंवा 'खोटं' एवढं पुरतं, नऊ-दहाचा तमाशा लागत नाही. आणि तज्ज्ञांच्या शिक्क्याचं म्हणाल तर २०२२ च्या जानेवारीतली गोष्ट आठवा. लोगन पॉल, जो पुढे त्याच वर्षी डब्ल्यूडब्ल्यूईत करारबद्ध झाला, त्यानं पोकेमॉन कार्डांचं सीलबंद खोकं ३५ लाख डॉलरला घेतलं होतं. तज्ज्ञांनी तपासून दिलेलं. उघडलं तर आत जी. आय. जोची कार्डं! आपल्या पोरांची कार्डं तर चालू वर्षाची, दुकानातल्या सीलबंद पाकिटातून स्वतः काढलेली. त्यांचं खरेपण तपासायला अमेरिका कशाला?

दुसरं म्हणाल, डबीत कार्ड सुरक्षित राहतं. तेवढ्यासाठी साधं प्लास्टिकचं पाकीट आणि कपाटातला कोरडा खण पुरतो.

तिसरं म्हणाल, "तुले काय करा लागते? पैसे आमचे हायेत ना?" हा मात्र बिनतोड मुद्दा आहे. पैसे तुमचेच आहेत. पण आपण वऱ्हाडातले आहोत म्हणून मला काय करा लागते ते सांगतो.

अमरावतीत १९१४ साली वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू केलं. शहरातल्या कुणालाही विचारा, आजही तिथे पोरं मल्लखांबावर दिसतात. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाचा चमू जर्मनीला गेला आणि तिथे कबड्डीसह आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं करून आला. गुलाम देशातल्या एका जिल्ह्याच्या गावातली पोरं, बोटीनं, बर्लिनला! त्या चमूतल्या किती जणांची नावं आपल्याला येतात? यूएफसीच्या कुठल्या कार्डावर किती नंबरची छापील प्रत आहे, हे मात्र माझ्या मित्राला झोपेतही सांगता येतं.

अकोल्याचं घ्या. अकोल्याची क्रीडा प्रबोधिनी बॉक्सिंगसाठी ओळखली जाते. तिथे तयार झालेला, बुलडाणा जिल्ह्यातला अनंता चोपडे २०१९ मध्ये इंडोनेशियातल्या प्रेसिडेंट्स कपमध्ये सुवर्णपदक घेऊन आला. त्याच स्पर्धेत मेरी कोमलाही सुवर्ण मिळालं होतं. यूएफसीच म्हणाल तर भरत खंडारे २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये शांघायला लढला, पहिल्याच फेरीत हरला. पण भारतातून तिथवर पोचलेला पहिला म्हणून त्याचंच नाव घेतात. २०२४ च्या जूनमध्ये पूजा तोमर तिथे जिंकली, यूएफसीत लढत जिंकणारी पहिली भारतीय बाई. यांच्याबद्दल दोन मिनिटं बोलायला सांगा, डबीवाल्या मित्रांची दांडी गुल होते. कारण डबीत कार्डाची मागची बाजू, जिथे माणसाची माहिती असते, ती कुणी बघतच नाही. सगळ्यांची नजर वरच्या लेबलावरच्या आकड्यावर. मघाशी म्हटलं ना, कार्ड वाचलं जायचं... ते आता थांबलंय.

आपल्याकडे पैलवानाची ग्रेडिंग नव्हती असं थोडंच आहे! जत्रेतली दंगल बघा. लहान पोरांच्या कुस्त्या आधी, रेवड्या-नारळावर. मग इनाम वाढत जातं. शेवटची कुस्ती सगळ्यात मोठ्या इनामाची. जोड लावताना वजन, वय, तयारी बघून पंच ठरवतात, आणि जोड बरोबरीची नसेल तर भोवतालची पब्लिकच ओरडते. निकाल उघड्यावर, शेकडो लोकांसमोर, पाठ मातीला लागली की लागली. चितपट. त्यात कुणी डबी फोडून पुन्हा पाठवत नाही. हरलेला पुढच्या वर्षी तयारी करून पुन्हा येतो.

बंद खोलीतल्या आकड्यांनी माणसाची किंमत कशी होते, याला खाशाबा जाधवांहून मोठं उदाहरण नको. १९५२, हेलसिंकी, कुस्तीत कांस्य. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. जायला पैसे नव्हते, लोकांनी गोळा करून दिले. १९८४ मध्ये अपघातात गेले, आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो मृत्यूनंतर. व्यवस्थेनं हयातभर त्यांना किती ग्रेड दिली ते समजून घ्या.

म्हणून माझा एक प्रस्ताव आहे. नुसती टीका करून उठणं बरं नाही.

आपण आपली कार्डं काढू. अकोट, दर्यापूर, अचलपूर, बाळापूर, मूर्तिजापूर... प्रत्येक तालुक्यात एखादी जुनी तालीम आहे, आणि तिथे भिंतीवर काळवंडलेल्या फ्रेममध्ये लंगोट लावलेल्या पैलवानाचा फोटो. तो कोण, हे सांगणारा एखादा सत्तरी-ऐंशीतला वस्ताद अजून आहे. तो गेला की तो फोटो म्हणजे नुसता फोटो. कुणाची कुठली कुस्ती किती वेळ चालली, कुणी कुठल्या डावावर कुणाला पाडलं, हे फक्त त्याच्या डोक्यात आहे. बॅकअप नाही!! आपल्या धंद्यात असा एकच सर्व्हर असता तर आपल्याला झोप लागली असती का?

कार्डाला लागतं काय? समोर फोटो. मागे नाव, गाव, तालीम, वस्ताद, वजन, खुराक, हुकमी डाव (ढाक, घिस्सा, कलाजंग, धोबीपछाड, मोळी... जो असेल तो) आणि गाजलेली एक कुस्ती. घरच्यांना विचारून, त्यांच्या संमतीनं. व्हिजिटिंग कार्ड छापणारा कुठलाही प्रेसवाला जाड कागदावर हे छापून देईल. कापताना एखादं तिरकं गेलं तर जाऊ दे. पन्नास-साठ कार्डांचा संच झाला की गावच्या शाळेत वाटायचा. पोरं खेळतील, भांडतील, कोपरे दुमडतील. पण अमरावतीच्या पोराला दर्यापूरच्या पैलवानाचं वजन तोंडपाठ असेल.

चार कार्डांच्या ग्रेडिंगला जेवढे पैसे आणि महिने जातात, तेवढ्यात याची सुरुवात होते. दिवाळीला गावी जाणारच आहात. फराळ झाला की दुपारी तासभर काढा, आपल्या गावच्या एका तरी वस्तादापुढे वही घेऊन बसा आणि वरचे रकाने भरून आणा. फोटोचा मोबाइलवर फोटो काढताना काचेवर फ्लॅश पडू देऊ नका, एवढं बघा. एक्सेल शीट मी बनवून ठेवली आहे. सध्या तिच्यात फक्त रकान्यांची नावं आहेत.